दिवा घालवायचा की बिघाड काढायचा?

किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत डॅशबोर्डवरचे बहुतेक सगळे इशारादिवे एकदम पेटतात आणि मग एकेक करून विझतात. ही गाडीने स्वतःची घेतलेली हजेरी असते. जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्याने याच क्षणी डोळे उघडे ठेवावेत, कारण एअरबॅगचा किंवा चेक इंजिनचा दिवा या वेळी पेटलाच नाही, तर यंत्रणा ठणठणीत आहे असे समजण्यापेक्षा कोणीतरी तो दिवाच काढून टाकला असावा अशी शंका घेणे शहाणपणाचे ठरते.

लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागा पाहून गाडी ताबडतोब थांबवा आणि पिवळा म्हणजे गाडी चालेल, पण लवकर दाखवून घ्या, इतके बहुतेकांना ठाऊक असते. अडचण पुढे येते. आपल्याकडे दिव्याकडे दुर्लक्ष जितके होते, त्याहून अधिक कल्पकता तो दिवा विझवण्यात खर्च होते. ‘बाकी काही नको, तेवढा दिवा घालवून द्या,’ ही विनंती कोणत्याही गॅरेजमध्ये तासभर बसलात तर कानावर पडेल.

ब्रेकच्या लाल दिव्याचेच पाहा. हँडब्रेक खाली केल्यावरही तो उतारावर किंवा वळणावर लुकलुकू लागला, तर ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली असते. कुठे गळती नसेल, तर याचे नेहमीचे कारण म्हणजे झिजलेले पॅड. पॅड पातळ होत जातात तसा कॅलिपरमधला (पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणाऱ्या भागातला) पिस्टन अधिकाधिक बाहेर येतो, त्याच्यामागची जागा भरायला ऑइल खाली जाते आणि वरच्या डबीतली पातळी घटते. अशा वेळी डबीत थोडे ऑइल ओतले की दिवा विझतो, मालक समाधानाने घरी जातो आणि पॅड मात्र झिजत राहतात.

ऑइलच्या किटलीच्या चित्राचा लाल दिवा सर्वांत घाईचा. पुष्कळांना वाटते की तो ऑइल कमी झाल्याचे सांगतो, म्हणून पुढच्या पंपावर पाहू. बहुतेक गाड्यांत तो ऑइलचा दाब गेल्याचे सांगत असतो, आणि दाब नसताना क्रँकशाफ्टचे बेअरिंग अक्षरशः धातूवर धातू घासत फिरते. पुढचा पंप दोन किलोमीटरवर असला तरी तेवढ्यात इंजिन बसू शकते. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी, आणि पातळी बरोबर असली तरी पुन्हा इंजिन न लावता गाडी टो करून न्यावी. बॅटरीचा लाल दिवा त्यामानाने निरुपद्रवी वाटतो, पण काही इंजिनांत बॅटरी भारित करणारा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप एकाच बेल्टवर चालतात. तिथे बेल्ट तुटला, तर बॅटरीच्या दिव्यापाठोपाठ तापमानाचाही दिवा येतो, आणि हे खंबाटकी किंवा कसारा घाटाच्या चढात घडले तर हाताशी फार वेळ उरत नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये, हे सांगायला नकोच.

पिवळ्या दिव्यांत चेक इंजिनचा दिवा सर्वांत बदनाम आहे. तो स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. पेट्रोल गाडीत तो लुकलुकत असेल तर मिसफायर होत आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावत आहे, असे समजावे. आता ब्लूटूथचे स्वस्त स्कॅनर मिळतात आणि मोबाइलवर एक बटण दाबून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसता येतो. मात्र कोडबरोबर बिघाडाच्या क्षणी नोंदवलेला वेग, इंजिनचे फेरे, तापमान हेही पुसले जाते, म्हणजे मेकॅनिकला उपयोगी पडणारा पुरावाच आपण नष्ट करतो. बीएस-६ डिझेल गाड्यांतल्या डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, दिव्याची तऱ्हा तर वेगळीच आहे. शहरातल्या रांगत्या वाहतुकीत फिल्टरमध्ये काजळी साचते, आणि दिवा नुकताच पेटला असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग वेगाने गाडी चालवली की ती जळून जाते. हाच दिवा बरेच दिवस तसाच ठेवला, तर इंजिनाची ताकद कमी होते आणि खर्चही मोठा येतो.

गप्प बसवण्याच्या या हौसेचा कळस म्हणजे सीटबेल्टची खोटी क्लिप. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाच्या आणि शेजारच्या आसनासाठी सीटबेल्टचा इशारा सक्तीचा झाला, आणि तो आवाज बंद करणाऱ्या क्लिपा बाजारात सर्रास विकल्या जाऊ लागल्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रेत्यांना त्या हटवण्याचे आदेश द्यावे लागले. बेल्ट न लावता बसलेल्या माणसाला ऐन वेळी उघडणारी एअरबॅगच इजा करू शकते, हे ती क्लिप विकत घेणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

घरातही हेच चालते. पावसाळ्यात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका, सारखा पडू लागला की काही घरांत वायरमनला बोलावून तो ‘डायरेक्ट’ करून, म्हणजे त्याला वगळून वीज सरळ जोडून, घेतली जाते. बहुधा गीझरच्या कॉइलमधून किंवा गच्चीवरच्या ओल्या दिव्यातून वीज गळत असते, आणि घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलीअँपियर गळतीला पडण्यासाठीच बसवलेला असतो. सगळी उपकरणे बंद करून एकेक चालू करत गेले, तर दोषी उपकरण पुष्कळदा अर्ध्या तासात सापडते. आरसीसीबीवर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले एक छोटे बटणही असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबताच खटका पडला पाहिजे, आणि वीज चालू असताना तो पडला नाही, तर वायरमनला त्याच दिवशी बोलावून आरसीसीबी बदलून घ्यावा.