इंजेक्शनं सुरू होण्याआधी दोघांचं रक्त तपासा

टेस्ट ट्यूब बेबीचं ठरलं की सगळी घाई बीजं वाढवणाऱ्या इंजेक्शनांची होते. जनुकीय तपासणीचा विषय निघतो तो गर्भ तयार झाल्यावर. आपल्याकडे मराठवाड्यात मामाच्या, आत्याच्या घरात सोयरीक आजही होते. एकच दोष दोघांकडे आलेला असण्याची शक्यता अशा जोडप्यांत वाढते. म्हणून हे आधी करा, आणि फक्त बाईचं नको.

पहिली पायरी स्वस्त आहे: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी). एमसीव्ही (लाल पेशीचं आकारमान) ८० च्या खाली आणि एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साधारण ३.५ टक्क्यांच्या वर, म्हणजे बहुधा बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक: दोष अंगात आहे, पण स्वतः आजारी नाही. अंगात लोह कमी असेल तर एचबीए२ खाली उतरतो आणि वाहक नजरेतून सुटतो. आकडा काठावर असेल तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) पाहा, लोह भरून काढा, मग पुन्हा तपासा. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर रिपोर्टवर विसंबू नका. सिकल सेल हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजारही याच तपासणीत कळतो. किनवट-माहूरकडच्या आदिवासी कुटुंबांनी तो जरूर पाहावा.

नवऱ्याचे शुक्राणू मिलिलिटरला ५० लाखांपेक्षा कमी असतील तर कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची पाहणी) आणि वाय गुणसूत्राची तपासणी करा. त्यात वाय गुणसूत्रावरचा, शुक्राणू बनायला लागणारा एझेडएफए किंवा एझेडएफबी हा भाग पूर्ण गायब निघाला, तर शस्त्रक्रिया करून वृषणातून शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते. हे आधी कळलं तर त्या शस्त्रक्रियेचा त्रास आणि खर्च वाचतो.

कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळीच हवी, जांभळ्या टोपणाची चालत नाही. नमुना गोठवायचा नाही, बर्फाला थेट टेकवायचा नाही, मे महिन्याच्या उन्हात गाडीत ठेवायचा नाही. लातूर-नांदेडहून शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहू शकतो, पेशी वाढत नाहीत आणि पुन्हा सुई टोचावी लागते. सोमवार ते बुधवार सकाळीच रक्त द्या.

दोघेही एकाच आजाराचे वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. अशा वेळी पीजीटी-एम, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडण्याआधी त्याची त्या एका आजारासाठी जनुकीय तपासणी. त्याआधी दोघांतला नेमका जनुकीय बदल शोधावा लागतो, आजारी मूल असेल तर त्याचं किंवा आजी-आजोबांचं रक्त लागतं. या तयारीत कित्येक आठवडे जातात. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्याच पेशी काढतात, म्हणून चूक राहू शकते. गर्भ राहिल्यावर ११ ते १३ आठवड्यांत वारेची तपासणी करून खात्री करा. पीजीटी-ए ही गर्भाची दुसरी तपासणी फक्त गुणसूत्रं मोजते, थॅलेसेमिया पकडत नाही. पैसे भरण्याआधी कोणती तपासणी ते लिहून घ्या. २०२१ च्या एआरटी (टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार गर्भाची जनुकीय तपासणी माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा.

वाहक निघालेल्यांनी रिपोर्ट सख्ख्या भावंडांनाही दाखवावा. त्यांनी लग्न ठरण्याआधी एचपीएलसी करून घेतलेली बरी.