ताप किती, त्यापेक्षा कितवा दिवस

लेकराला ताप आला की आपल्याकडं पहिलं विचारतात ताप किती, एकशे दोन का तीन. कितवा दिवस हे कोणी विचारत नाही. कावासाकी नावाच्या आजारात मात्र सगळा हिशोब त्या दिवसांचाच असतो, आणि सेलूच्या बहिणीच्या लेकरापायी हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालंय म्हणून लिहितोय, जरा पाल्हाळ होईल, चालवून घ्या.

लेकरू सव्वा वर्षाचं. सिरप दिलं की घटकाभर बरं, परत फणफणायचं. अंगावर पुरळ उठलं तेव्हा शेजारच्या मावशी म्हणल्या गोवर हाय, दवाखान्यात म्हणले व्हायरल असंल, अँटिबायोटिक चालू केलं, फरक शून्य. मग दोन्ही डोळे लाल झाले पण चिपडं अजिबात नाहीत, हे लक्षात ठेवा, डोळे आल्यावर पापण्या चिकटतात तसं यात होत नाही. त्यानंतर ओठ लालबुंद होऊन तडकले, जीभ दाणेदार लाल. पण तोवर पुरळ गेलेलं! म्हणजे ज्या डॉक्टरनी पुरळ बघितलं त्यांना ओठ दिसले नाहीत अन् ओठ बघणाऱ्याला पुरळ.

इथं बहिणीचा मोबाईल कामाला आला. तिनं रोज फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलेले, त्यामुळं तारखा आपोआपच लागलेल्या. परभणीच्या बालरोगतज्ज्ञांनी ते फोटो मागं मागं सरकवत बघितले, काही बोलले नाहीत, लेकराची डावी बाही वर केली. बीसीजीची, म्हणजे टीबीच्या लशीची खूण लाल होऊन सुजली होती. आमच्यापैकी कोणाचंच तिकडं लक्ष नव्हतं, आणि छोट्या लेकरांत ही खूण अशी फुलणं म्हणजे कावासाकीचा मोठा इशारा.

याची एकच अशी टेस्ट नाही बरं का. जपानच्या तोमिसाकू कावासाकी डॉक्टरांनी 1967 साली 50 लेकरांची अशी लक्षणं लिहून काढली, अन् निदान आजही मुख्यतः लक्षणं बघूनच होतं. पाच दिवस किंवा जास्त ताप, आणि डोळे, तोंड, पुरळ, हातापायाची सूज-लाली, मानेतली गाठ या पाचातली चार. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर चार भरतच नाहीत कित्येकदा, आणि धोका त्यांनाच जास्त, म्हणून तिथं डॉक्टर सीआरपी, ईएसआर (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) अन् इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून ठरवतात. आपल्याकडं ताप म्हणलं की प्लेटलेट किती घसरल्या याचीच धास्ती, यात दुसऱ्या आठवड्यात त्या उलट भरमसाठ वाढतात, तेव्हा पपईच्या पानाचा रस घेऊन पळू नका.

खरी भीती हृदयाची. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांना सूज येऊन त्या फुगतात, फुगलेल्या जागी गुठळी झाली तर एवढ्याशा लेकरालाही हार्ट अटॅक येऊ शकतो. उपचार नाही केला तर साधारण 25 टक्के लेकरांच्या धमन्यांवर परिणाम होतो, तापाच्या पहिल्या 10 दिवसांत आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीजचं, शिरेतून द्यायचं औषध) दिलं तर हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास येतं. कितवा दिवस म्हणून मी बोंबलतोय ते यासाठी.

आयव्हीआयजी वजनावर असतं, किलोला 2 ग्रॅम, सलाईनसारखं 10-12 तास हळूहळू चढवतात. औषध महाग, दाजींनी संभाजीनगरच्या मेडिकलवर बिल बघितलं अन् गप उभे राहिले. पण ताप उतरला. नंतर बोटांच्या टोकाची, नखाजवळची कातडी सोलून निघाली, बहीण घाबरली, तर ते या आजारात होतंच म्हणे.

पहिला इको नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नाही, दोन आठवड्यांनी आणि सहा ते आठ आठवड्यांनी परत करतात. तोवर गुठळी होऊ नये म्हणून कमी डोसची ऍस्पिरिन, ती डॉक्टरनी सांगितली तरच, कारण ती चालू असताना कांजिण्या किंवा फ्लू झाला तर लेकराला रे सिंड्रोमचा (मेंदू अन् लिव्हरवर घाला घालणारा आजार) धोका असतो, लगेच फोन करायचा. ताप आला तर मनानं आयब्युप्रोफेन पण पाजायचं नाही, ऍस्पिरिनचं काम त्यानं बिघडतं.

आणि एक, जे आम्हाला डिस्चार्जच्या वेळी सांगितलं: आयव्हीआयजीनंतर गोवर-रुबेलाची लस साधारण 11 महिने पुढं ढकलतात, नाहीतर ती नीट लागू होत नाही. आशाताई यादी घेऊन दारात आल्या की बहीण लसीच्या कार्डाला टाचलेली डॉक्टरांची चिठ्ठी दाखवते.