खाचरातल्या आंबुलीपासून: आमच्या पाणवनस्पती नर्सरीची वाटचाल

कर्जतची नर्सरी म्हटली की लोकांना कलमं आणि शोभेची झुडपं आठवतात. आमच्याकडे तसलं काही नाही. शेडनेटखाली ट्रे, मागे सिमेंटच्या टाक्या आणि त्याच्या मागे शेततळ्याचा कागद अंथरलेली कमळांची खाचरं. जे विकतो ते पाण्यात जगणारं, आणि पाण्यातच जगेल याची खात्री करून मगच विकतो. हे वाक्य आज पाटीवर लिहिलंय, पण त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे.

सासऱ्यांची जमीन उल्हास नदीच्या अंगाला. भाताची बेणणी करताना बायका आंबुली आणि रोटाला हे पाण्यातलं तण मुठीमुठीने उपटून बांधावर फेकायच्या. माझे धाकटे दीर तेव्हा दादरला फिशटँकच्या दुकानात कामाला होते. सुट्टीला आले तेव्हा बांधावरची एक मूठ उचलून म्हणाले, "वहिनी, ही आम्ही कलकत्त्याहून मागवतो. अर्धा माल वाटेत सडतो." दुसऱ्या आठवड्यात ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आंबुली घेऊन गेले आणि संध्याकाळी रोख पैसे घेऊन आले. आमचा धंदा असा सुरू झाला. मग भाऊजींनी नोकरी सोडली. पहाटेच्या लोकलला लगेजच्या डब्यात भाजीवाल्यांच्या पाट्यांमध्ये थर्माकोलची खोकी टाकायची, कुर्ल्याला उतरायचं, बाजार उघडायच्या आत दुकानदारांना माल द्यायचा. कितीतरी वर्षं हे त्यांनी एकट्याने केलं. नर्सरी माझ्या नावावर असली तरी उभी त्यांच्या खांद्यावर राहिली.

पहिला चिमटाही त्यांनीच आणला, प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकलच्या दुकानातून. तेव्हा प्लांटेड टँकची, म्हणजे जिवंत झाडं लावलेल्या फिशटँकची, वेगळी हत्यारं इकडे सहज मिळत नव्हती. लांब, सरळ, टोकाला बारीक दाते असलेला तो स्टीलचा चिमटा अजून माझ्या हातात असतो. बोटाने रोप रोवलं की वाळू उकरली जाते आणि रोप तरंगतं. चिमट्याने मुळाशी धरायचं, तिरकं खुपसायचं, पकड सैल करून थोडं हलवत बाहेर काढायचं. आमच्या कामावरच्या मुली हे चार दिवसांत शिकतात, पण हात बसायला एक पावसाळा जातो. नवे रंगीत चिमटे खूप आलेत. त्यांची स्प्रिंग इतकी कडक असते की तासाभरात अंगठा दुखतो. घेताना दाबून बघा, रंगावर जाऊ नका.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना माहीत आहे. इकडे उल्हास नदी आमच्या खाचरांत शिरली आणि टाक्यांत गाळ भरून गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नदीकाठी राहायचं तर नदी कधीतरी येणारच, आणि तिने टाकलेल्या चिकण गाळात पुढच्या वर्षी कमळं अशी फुलली की बघत राहावं. त्यानंतरची वर्षं चांगली गेली. क्रिप्टो (म्हणजे क्रिप्टोकोरीन), अ‍ॅमेझॉन सोर्ड, अनुबियास, जावा फर्न असं टँकमधलं एकेक झाड वाढवत नेलं.

माझी तक्रार माणसाबद्दल आहे. नाव लिहीत नाही, कुर्ल्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

हा व्यापारी आमचा निम्म्याहून जास्त माल उचलायचा. आधी रोख, मग आठवड्याने, मग महिन्याने. उधारी वाढत गेली आणि एक दिवस त्याने ऑर्डरच बंद केली. भाऊजी चौकशीला गेले तर आमच्याच मापाच्या जुड्या, आमच्यासारखीच बुंध्याला शिशाची पट्टी, आणि आत काय? पांढऱ्या कडांचा ड्रॅसिना, स्पायडर प्लांट, सिंगोनियम, जांभळ्या पानांचा हेमिग्राफिस! कुंडीतली झाडं! कोणत्याही साध्या नर्सरीत ढिगाने मिळणारी, आणि भाव आमच्या अर्ध्यावर.

यातली गोम धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. आम्ही तेव्हा सगळा माल ट्रेमध्ये, पाण्याबाहेर वाढवायचो. असं रोप टँकमध्ये गेलं की जुनी जाड पानं टाकतं आणि पाण्याखालची पातळ पानं काढतं. क्रिप्टो तर आठ-दहा दिवसांत वितळल्यासारखंच दिसतं, मुळं मात्र जिवंत असतात. ड्रॅसिना काय करतो? काहीच करत नाही. पाण्यात श्वास कोंडला तरी साठवलेल्या जिवावर तीन-चार आठवडे तसाच हिरवागार उभा राहतो. म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे आमचं खरं झाड गळतंय आणि त्याचं खोटं झाड ताजं! त्याने दुकानादुकानांत सांगितलं, "कर्जतवाल्यांचा माल आठ दिवस टिकत नाही." दुकानदारांनी खोकी परत पाठवायला सुरुवात केली. खोकी उघडायची, पानं गळलेली पण मुळं पांढरीशुभ्र असलेली रोपं पुन्हा ट्रेमध्ये लावायची, असे ते महिने. बायकांची मजुरी द्यायला माझ्या पाटल्या गहाण गेल्या. भाऊजींना घरात कोणी काही बोललं नाही, पण ते जेवताना मान वर करत नसत.

त्या वेळी डोंबिवलीच्या काकू आमच्यामागे उभ्या राहिल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, गच्चीत टबांमधून कमळं, घरात दोन टँक. आमचं अगदी सुरुवातीचं गिऱ्हाईक. त्यांच्या ओळखीच्या दुकानदाराने आमचा माल बंद केल्याचं कळल्यावर त्या काचेच्या दोन बरण्या घेऊन तिथे गेल्या आणि म्हणाल्या, "एकीत यांचं लावा, एकीत त्याचं. काउंटरवर ठेवा. पाणी मी येऊन बदलेन." आणि खरंच जात राहिल्या.

पहिल्या पंधरवड्यात आमच्या बरणीत नुसते बुंधे. दुकानदार हसायचा. मग क्रिप्टोच्या मधोमध नखाएवढं तपकिरी पान आलं, त्यामागून दुसरं. महिना संपता संपता ड्रॅसिनाच्या बरणीतलं पाणी गढूळ झालं, वास सुटला. काकूंनी चिमट्याने जुडी उचलली तर शिशाच्या पट्टीखालची नुसती साल हातात आली, आतला गर पाण्यातच. "आता हे मासे असलेल्या टँकमध्ये कुजलं तर?" त्यांनी विचारलं. दुकानदाराला मग आठवलं की मासे मेल्याच्या तक्रारी कधीपासून वाढल्या होत्या. कुजलेल्या झाडामुळे पाण्यात माशांना विषारी असा अमोनिया वाढतो, त्याचं खापर तो माशांच्या होलसेलवाल्यावर फोडत होता! त्या बरण्या पुढे तिथून कल्याणच्या दुकानात गेल्या, मग ठाण्याच्या.

आम्हीही पद्धत बदलली. आता प्रत्येक रोप निघण्याआधी टाकीत बुडवून पाण्याची सवय लावतो आणि नवी पानं आल्यावरच जुडी बांधतो. जागा जास्त लागते, वेळ जास्त लागतो, भाव थोडा चढा आहे. तो कमी होणार नाही. त्या व्यापाऱ्याकडची उधारी आजही आलेली नाही आणि सही असलेली त्याची बिलं माझ्याकडे आहेत. तो अजून त्याच गल्लीत ड्रॅसिना विकतो. विकू दे, पण त्याला पाणवनस्पती म्हणू नये.

विषय निघालाच आहे तर काही गोष्टी सांगते. अनुबियास आणि जावा फर्नचा आडवा कंद वाळूत पुरू नका, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. कमळाच्या टबाला भोक नको, माती चिकण हवी, गांडूळखत वर तरंगतं आणि पाणी नासतं. कमलकंद आडवा ठेवा, कोंब उघडा राहू द्या, कोंब मोडला तर तो कंद बहुतेक गेलाच. टबात गप्पी सोडा, म्हणजे डासांवरून सोसायटीची चिठ्ठी येणार नाही. आणि वाढलेला पसारा ओढ्यात किंवा नदीत टाकू नका, उन्हात वाळवून खत करा. जलपर्णीने उल्हास नदीचं काय केलंय ते कल्याणकडच्या लोकांना विचारा. आम्ही जलपर्णी विकत नाही, फूल कितीही सुंदर असलं तरी.

कास पठारावरची वायतुरा ही पाणवनस्पती मिळेल का, असेही फोन येतात. वायतुरा सह्याद्रीतल्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर वाढतो, त्याला तिथेच राहू द्या. कोकणातल्या ओढ्यांतून उपटलेलं क्रिप्टोही आम्ही घेत नाही. जे विकतो ते आमच्याच ट्रेमधल्या आईरोपांपासून वाढवलेलं.

भाऊजींचे गुडघे आता लोकलच्या पायऱ्या चढू देत नाहीत, खोकी त्यांचा मुलगा नेतो. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तर माल काढत नाही, बंद खोक्यात अडकलेलं रोप सडतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर ऑर्डर आठवडाभर आधी सांगा, आणि खोकं मिळाल्याबरोबर त्याच दिवशी उघडा.