पृथ्वीच्या पोटात लाव्हा नाहीये हो!

शाळेत पृथ्वीची ती कापलेली आकृती काढताना मधल्या भागात आपण सगळ्यांनीच लाल-केशरी स्केचपेन घासलाय, आणि माझं ठाम मत आहे की सगळा घोटाळा त्या लाल रंगाने केलाय. कुणालाही विचारा, जमिनीखाली काय आहे, तर उत्तर येतं लाव्हा. जणू पश्चिम द्रुतगती मार्गाखाली कुठेतरी लालभडक रस उकळतोय आणि आपण वरच्या सायीवर बसलोय.

तसं नाहीये. कवच, म्हणजे आपण राहतो तो थर, जमिनीखाली साधारण ३०-४० किमी जाड आणि समुद्राखाली जेमतेम ७ किमी. त्याच्याखाली प्रावरण, ते जातं थेट २,९०० किमीपर्यंत, आणि हे सगळं प्रावरण जवळजवळ पूर्ण घन आहे, दगडच. तापलेला, अतिशय सावकाश सरकणारा, वर्षाला काही सेंटीमीटर वगैरे, पण दगडच. बघायला तिथे कुणी गेलेलं नाही अर्थात. माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला इथलं, १२,२६२ मीटर, म्हणजे अंधेरीहून दादरला जाण्याइतकं, आणि पृथ्वीचं केंद्र आहे ६,३७१ किमी खाली!

मग कळलं कसं? भूकंपाच्या लहरींवरून. यातला एक महत्त्वाचा माणूस आपल्याकडेच नोकरीला होता, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, रिचर्ड ओल्डहॅम नावाचा. १८९७ च्या आसामच्या प्रचंड भूकंपाचा अहवाल त्यानेच लिहिला, आणि दूरदूरच्या यंत्रांवर त्या भूकंपाच्या वेगवेगळ्या लहरी वेगवेगळ्या वेळी पोचल्यात हे त्याने ओळखलं. १९०६ साली अशाच लहरींच्या जोरावर पृथ्वीला आत वेगळा गाभा आहे हेही दाखवलं. दुसऱ्या क्रमांकाने पोचणाऱ्या ज्या लहरी असतात, त्यांना एस लहरी म्हणतात, त्या द्रवातून जाऊच शकत नाहीत. प्रावरणातून मात्र आरामात जातात, म्हणजे ते घन, विषय संपला. गाभ्याशी येऊन अडतात, म्हणजे बाहेरचा गाभा द्रव, हे १९२६ मध्ये हॅरल्ड जेफ्रिज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पक्कं केलं, आणि त्या द्रवाच्याही आत पुन्हा जो एक घन गोळा आहे तो १९३६ मध्ये इंगे लेहमान या डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ बाईंनी शोधला. त्यांचं नाव आपल्या पुस्तकात का नव्हतं देव जाणे.

तर खरा द्रव थर तो एवढाच, वितळलेलं लोखंड आणि निकेल, आणि पृथ्वीचं चुंबकत्व तयार होतं ते तिथे. ते मोजायला कुलाब्याला जुनी वेधशाळा होती, १८५९ च्या मोठ्या सौर वादळाची, म्हणजे सूर्यावरच्या उद्रेकाने पृथ्वीचं चुंबकत्व हललं त्याची, नोंदसुद्धा तिथे झालीये. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्या विजेने नाजूक यंत्रांची वाट लागली असती, म्हणून १९०४ साली हे मोजमाप अलिबागला हलवलं. आपण अलिबागला बीचवर लोळायला जातो, जवळच कुणीतरी गाभ्याची नाडी धरून बसलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, प्रावरण घन तर मग ही मुंबई ज्या काळ्या दगडावर बसलीये तो आला कुठून, तो तर लाव्हाच होता ना? होता. गंमत अशी की दगड वितळताना फुगतो, त्याला जागा लागते, आणि वरून शेकडो किलोमीटरचं ओझं असेल तर फुगणार कसा, म्हणून इतका तापूनही तो घन राहतो. पण तोच तापलेला दगड हळूहळू वर सरकला की ओझं कमी होतं आणि वेगळी उष्णता न देताच तो थोडासा वितळतो. सगळा नाही, थोडाच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत हिंदी महासागरात आजच्या रियुनियन बेटाच्या बाजूला होता, तिथे खालून असा तापलेला दगड वर येत होता असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्यातून जो रस भेगांमधून बाहेर पडला त्याचेच थरावर थर साचून आपला बहुतेक महाराष्ट्र झाला. रियुनियनचा ज्वालामुखी अजून चालूच आहे, आपण मात्र उत्तरेला निघून आलो.

हे हाताने चाचपून बघायचं असेल तर अंधेरी पश्चिमेला भवन्स कॉलेजजवळ गिल्बर्ट हिल आहे. साधारण २०० फूट उंच काळा कडा, सगळा उभ्या खांबांचा. तप्त रस थंड होताना आकसला, तडे गेले, ते तडे वरून खाली उतरत गेले आणि पाच-सहा बाजूंचे खांब सुटे झाले. खडकात कोरलेल्या पायऱ्यांनी वर गावदेवीच्या देवळात जाता येतं, पण खांब बघायचे तर खालूनच बघा. १९५२ सालीच या टेकडीला संरक्षण मिळालंय म्हणे कागदावर, पायथ्याशी मात्र घरं आणि बिल्डिंगी अशा खेटून उभ्या आहेत की नीट फोटो काढायला जागा नाही.

आणि हा रस एका दमात आला असंही समजू नका. दोन उद्रेकांच्या मधे खूप काळ जायचा, दगडाची माती व्हायची, तळी साचायची. वरळीच्या टेकडीत अशाच गाळाच्या थरात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडलेत, रिचर्ड ओवेन या ब्रिटिश जीवाश्म-अभ्यासकाने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. घाटात कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांच्या मधे विटेसारखा लाल पट्टा दिसतो ना, तीही बऱ्याच ठिकाणी जुनी मातीच, वरून आलेल्या पुढच्या लाव्हाने भाजलेली. पुढच्या वेळी पुण्याला जाताना मोबाइल ठेवून खिडकीची सीट पकडा.