निवड की योगायोग: लॅब मीटिंगमधलं भांडण

आमचं काम म्हणजे वेगवेगळ्या प्राण्यांमधला एकच जीन स्क्रीनवर एकाखाली एक मांडून बघत बसणं. ही मांडणी, म्हणजे अलाइनमेंट, सॉफ्टवेअर करतं, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांबरोबर मी पेपर लिहीत नाही. एक गॅप, म्हणजे सोडलेली रिकामी जागा, भलतीकडे पडली की न जुळणारे कोडॉन (डीएनएचे तीन-तीन अक्षरांचे शब्द) समोरासमोर येतात आणि प्रोग्रॅम खुशाल सांगतो, इथे जबरदस्त नैसर्गिक निवड झालीय. म्हणून मी संशय आलेला प्रत्येक कॉलम डोळ्यांनी तपासतो, लोक हसतात, हसू देत.

त्या दिवशी मीटिंगमध्ये आमच्या एका पीएचडीच्या मुलीने रिझल्ट दाखवला. प्राण्यांच्या वंशवृक्षाच्या एका फांदीवर प्रोटीन बदलणारी म्यूटेशन्स, म्हणजे डीएनएतले बदल, अपेक्षेपेक्षा खूपच जास्त, पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता) झकास कमी, अलाइनमेंट मी तपासलेली. आमचे मोठे सर खूश, त्यांना तशीही सगळीकडे निवडच दिसते. तेवढ्यात दुसरे सर म्हणाले, बदलांची दिशा बघितलीत का? बघितली तर जवळपास सगळीकडे डीएनएच्या अक्षरांपैकी ए-टीचं जी-सी झालेलं! रीकॉम्बिनेशनमध्ये, म्हणजे आईबापांकडून आलेल्या डीएनएची अदलाबदल होताना, अक्षरांची जोडी जुळली नाही की पेशीची दुरुस्ती यंत्रणा जी-सीकडे झुकते, त्यामुळे काही फायदा नसतानाही असे बदल पसरतात आणि आमच्या टेस्टला ते थेट निवडीसारखे दिसतात. त्यात हा जीन नेमका जास्त रीकॉम्बिनेशनच्या भागातला.

मग दोघांची जी जुंपली ती चहा गार झाला तरी थांबेना.

मला गंमत वाटते ती वेगळीच. 1966 मध्ये लेवॉन्टिन आणि हबी या संशोधकांना फळमाश्यांच्या प्रोटीन्समध्ये इतकी विविधता सापडली की निवड ती साफ करते म्हणणारे आणि निवडच ती टिकवते म्हणणारे, दोघंही अडचणीत आले. 1968 मध्ये जपानी संशोधक किमुरा म्हणाले, रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल योगायोगाने पसरतात. केवढा विरोध झाला! आणि आज निवड शोधायची टेस्ट सुरूच होते किमुरांच्या गृहीतकापासून, आधी समजायचं की निवड झालेलीच नाही, मग ते मोडतंय का बघायचं. म्हणजे मोठ्या सरांचं अख्खं दुकान विरोधकाच्या जागेवर उभं आहे. पुढे 1973 मध्ये त्यांच्या सहकारी ओहतांनी दाखवलं की किंचित घातक म्यूटेशन छोट्या समूहात योगायोगाने टिकून जातं, तेच मोठ्या समूहात निवड छाटून टाकते. हे दोन्ही सर वर्गात शिकवतात, पण मीटिंगमध्ये आले की पार्टीचे कार्यकर्ते!

त्या मुलीने मात्र न भांडता जी-सीकडे जाणारे बदल वगळून सगळं परत चालवलं. सिग्नल लंगडा झाला, पण एक कोडॉन उरला, आणि तो नेमका प्रोटीन जिथे दुसऱ्या रेणूला धरतं तिथला. आता तिला त्याच प्रजातीतल्या बऱ्याच प्राण्यांचे नमुने हवेत, म्हणजे समूह किती मोठा होता याचा अंदाज येईल. एका कोडॉनवरून कुठली टेस्ट काय बोलणार हा प्रश्न आहेच, मलाही सुटलेला नाही.

नमुने यायचेत. तोवर ड्राफ्टमध्ये ‘निवडीचा पुरावा’ हे शब्द एक सर टाकतात, दुसरे खोडतात, आणि दोघांच्या कॉमेंट्स निस्तरत मी बसतो.