तुम्ही विचारलंत म्हणून: यंत्राला खरं उत्तर कोण सांगतं?

न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशालाही न अडखळता आरपार जाणारे सूक्ष्म कण, टिपणाऱ्या पाण्याच्या टाक्यांच्या कॅलिब्रेशनवर, म्हणजे त्यांचं मोजमाप बरोबर आहे ना हे तपासण्यावर, मी काम करते, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आता ते एआयच करत असेल ना?" बहिणीच्या सासूबाईंनी तो जास्त नेमका विचारला. त्यांची चाळीस वर्षं किराणा दुकानात गेली. म्हणाल्या, "पण त्या मशीनला बरोबर उत्तर कोण सांगतं? आम्हाला काट्यावर शिक्का मारून आणावा लागायचा, तसं काही असेलच की."

असतं. माझं सगळं काम त्या शिक्क्याचंच आहे.

जपानमध्ये हिदा शहराच्या हद्दीत कामिओकाची जुनी खाण आहे. तिथे डोंगराच्या पोटात, १,००० मीटर खाली, सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो-प्रयोगाची टाकी १९९६ पासून चालू आहे. ५०,००० टन पाणी, आणि आतून चहूबाजूंनी बसवलेल्या ११,००० हून अधिक फोटोमल्टिप्लायर नळ्या, म्हणजे अगदी मंद प्रकाशही टिपणारे डोळे. म्हणायला नळी, पण दिसते काचेच्या मोठ्या फुग्यासारखी, ५० सेंटिमीटर व्यासाची. न्यूट्रिनो स्वतः दिसत नाही. एखादा पाण्यात धडकला की इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन (इलेक्ट्रॉनचाच जड भाऊ) निघतो. पाण्यात प्रकाश जितक्या वेगानं जातो त्याहून हा कण जोरात धावतो आणि चेरेनकोव्ह प्रकाशाचा निळसर शंकू सोडतो. तो शंकू भिंतीवर पडला की कडं उमटतं: म्युऑनचं रेखीव, इलेक्ट्रॉनचं काठाला विस्कटलेलं. याच कड्यांवरून १९९८ मध्ये कळलं की न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, म्हणजे त्यांना वस्तुमान आहे. ताकाआकी काजिता यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते यासाठी.

कडी ओळखण्यात न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा एआय प्रोग्राम, फार तरबेज. पण ते शिकतं सिम्युलेशनवर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये उभ्या केलेल्या नकली टाकीवर, कारण कोणता कण किती ऊर्जेचा सोडला हे तिथे आपल्याला आधीच माहीत असतं. आणि सिम्युलेशनमधलं पाणी हे आपण लिहिलेलं पाणी. खऱ्या टाकीत ताजं पाणी खालून येतं आणि वरून बाहेर जातं. खालच्या भागात ते ढवळून एकसारखं होतं, त्याच्या वर तापमान हळूहळू चढतं, आणि प्रकाश किती शोषला जातो तेही उंचीप्रमाणे बदलतं. फरक काही टक्क्यांचाच.

पहिल्या वर्षी मी सगळीकडे एकसारखं पाणी धरून एक नेटवर्क शिकवलं. आलेख देखणे आले. मग गाइडनी सुचवलं म्हणून सिम्युलेशनमध्येच वरच्या पाण्याची पारदर्शकता जराशी उतरवली आणि तेच नेटवर्क पुन्हा चालवलं. सगळे इलेक्ट्रॉन एकाच ऊर्जेचे. तळाजवळचे बरोबर मोजले गेले, छताजवळचे हलके भरले. आलेखात डावीकडे तळ, उजवीकडे छत; ठिपक्यांची रांग आडवी, सरळ यायला हवी होती, ती उजवीकडे उतरत गेली. नेटवर्कनं खालचं उत्तर ज्या खात्रीनं दिलं त्याच खात्रीनं वरचं चुकीचं उत्तरही दिलं. तो उतरता आलेख अजून माझ्या वहीत चिकटवलेला आहे.

तेव्हापासून मी आधी पाणी नीट लिहिते, मग नेटवर्क शिकवते. पाण्यातलं शोषण, विखुरणं, नळ्यांमधल्या काळ्या आवरणावरून होणारं परावर्तन, प्रत्येक नळीची संवेदनशीलता, अशा कितीतरी चाव्या, म्हणजे जुळवायचे आकडे, असतात, आणि त्या एकमेकींत अडकलेल्या असतात. प्रकाश कमी आला तो पाण्यानं खाल्ला की नळीच मंद आहे, हे एका मोजणीवरून सांगता येत नाही. एक चावी जुळवावी तर दुसरी सुटते. मला जी पद्धत मनापासून आवडते तिच्यात सिम्युलेशनच असं लिहितात की कुठलीही चावी किंचित फिरवली तर कुठल्या नळीवरचा प्रकाश किती बदलेल, ते गणितातून थेट निघतं. मग नेटवर्क ज्या रीतीनं चूक कुठल्या दिशेला उतरते ते बघत बघत शिकतं, त्याच रीतीनं सगळ्या चाव्या एकत्र जुळवता येतात. मशीन लर्निंगचा खरा उपयोग मला इथे दिसतो, कडी ओळखण्यापेक्षाही जास्त. पुढची टाकी हायपर-कामिओकांडेची, ६८ मीटर रुंद आणि ७१ मीटर उंच. तिच्यात प्रकाशाला आणखी लांबचं पाणी कापावं लागणार, आणि शोधायचा आहे न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो (त्याचा प्रतिकण) यांच्या वागण्यातला बारीक फरक. तिथे एका टक्क्याची चूकही आड येते.

पण चाव्या जुळवायच्या कशाशी? सासूबाईंचा प्रश्न इथेच येतो. टाकीच्या मध्यावरच्या एका गोळ्यातून ठरावीक वेळानं प्रकाश सोडतात, लेझर सोडतात, इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. काटा तपासायला जसं आधीच माहीत असलेलं वजन लागतं, तशी ही आमची वजनं. सासूबाईंना मी सांगितलं ते मात्र माझं आवडतं वजन. न्यूट्रॉन सोडणारं एक यंत्र दोरीनं टाकीत उतरवतात. न्यूट्रॉन पाण्यातल्या ऑक्सिजनवर आदळतात आणि त्याचा नायट्रोजन-१६ होतो. लगेच यंत्र वर ओढून घेतात, त्याची सावली पडू नये म्हणून. मागे पाण्यात राहिलेला नायट्रोजन काही सेकंदांत विघटन पावतो, आणि त्यातून किती ऊर्जा निघते हे अणुकेंद्राच्या अभ्यासातून पक्कं ठाऊक आहे.

"म्हणजे वजन पाण्यातच तयार करता," त्या म्हणाल्या. हो, पाण्यातच, आणि मोजून होईपर्यंत ते संपूनही जातं.