अकरा मांजरं आणि एक पिंजरा : माझा अनुभव

इंदूरला रामबागेत आमचा जुना वाडा. पाच बिऱ्हाडं, मधे चौक, मागे नळ. दोन वर्षांपूर्वी जिन्याखाली एक तिरंगी भाटी व्यायली आणि वर्षभरात मांजरं अकरा झाली. रात्रभर बोक्यांचं रडणं, चपलांच्या फळीला न जाणारा वास. समोरच्या काकूंच्या कुरडयांचं अख्खं वाळवण टाकून द्यावं लागलं. त्यांचा राग मला समजत होता.

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ. म्हणून मारत कुणी नाही, गोणीत घालून लांब सोडून येतात. वाड्यातल्या एका दादांनी तीन पिल्लं अशीच कान्ह नदीपलीकडे नेऊन सोडली. जेमतेम महिन्याची, अजून अंगावर पिणारी. तिरंगी चार रात्री ओरडत हिंडली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. ती सगळी घरं पुन्हा पुन्हा हुंगून आली. आठवलं की अजून पोटात कालवतं. एवढ्या लहान जिवांना सोडणं म्हणजे मारणंच, हे मी दादांना तोंडावर सांगितलं. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. आणि एवढं करून उपयोग काय झाला? भाटी दूध पाजत असतानाही गाभण राहू शकते, आणि गाभणपण नऊ आठवड्यांचं. तिरंगीचं पोट पुन्हा दिसू लागलं.

मग मी पाचही घरी जाऊन एकच विचारलं, तुम्ही मांजरांना काय घालता? प्रत्येक घर म्हणालं, 'थोडंसंच.' कुणी सकाळी दूधपोळी, कुणी रात्रीचा भात. शहरात आता उकिरडे नाहीत, कचरागाडी दारातूनच ओला-सुका कचरा घेऊन जाते. म्हणजे ही अकरा पोटं आमच्याच पाच 'थोडंसं'वर चालली होती. त्यामुळे पहिला नियम जेवणाचा केला: संध्याकाळी सात वाजता, नळापाशी, एकच ताटली, अर्ध्या तासाने उचलायची. बाकी कुणी काही घालायचं नाही. काकूंना पटायला आठवडा लागला. पण वेळ ठरल्यामुळे मांजरं मोजता आली आणि पुढे पकडताही आली.

मग सगळ्या मांजरांची नसबंदी करून घ्यायचं ठरवलं. पहिल्या दवाखान्यात सरळ नकार मिळाला, 'बाहेरची मांजरं आम्ही घेत नाही.' महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण घाबरलेलं मांजर तेवढं लांब नेण्याचा धीर होईना. शेवटी जवळच्याच एक डॉक्टरीणबाई तयार झाल्या. त्यांची अट एवढीच, की मांजर पिंजऱ्यातून आणायचं, हातात धरून नाही. नसबंदीच्या वेळीच रेबीजची लस टोचायची आणि भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापायचं. ही नसबंदी झाल्याची खूण, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही.

घरटी पाचशे रुपये काढले, पिंजरा मागून आणला. आदल्या संध्याकाळी ताटली ठेवलीच नाही, म्हणजे सकाळी मांजर भुकेलं असतं आणि भुलेसाठी पोटही रिकामं. आमिष म्हणून दूधपोळी ठेवली, तिला कुणी हुंगलंही नाही. वाडा शाकाहारी, तरी काकूंचा नातू माशाच्या खाण्याचं पाकीट घेऊन आला. त्यातलं चमचाभर अगदी आतल्या टोकाला ठेवलं. पहिला पिवळा बोका दहा मिनिटांत आत गेला. दार पडताच त्याने जाळीवर अशी धडक घेतली की नाक खरचटलं. मी धावत जाऊन पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली आणि तो एकदम गप्प झाला. अंधार झाला की मांजर शांत बसतं. तेव्हापासून चादर आधी, बाकी सगळं नंतर.

चूकही झाली. तिसऱ्या दिवशी अडकलेलं शेपूट सोडवायला मी जाळीतून बोट घातलं आणि दात हाडापर्यंत गेला. साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धुतला आणि रेबीजची इंजेक्शनं घेतली: शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवसांना. मांजराचं चावणं कुणी हलक्यात घेऊ नये.

बोके दुसऱ्याच दिवशी चौकात सुटले. भाट्यांची पोटाची शस्त्रक्रिया असते, त्यांना तीन दिवस काकूंच्या माडीवर कोंडून ठेवलं. होय, त्याच काकूंच्या. टाके बघायला त्या रात्री दोनदा उठत. तिरंगी मात्र तोवर व्यायली होती. पिल्लं स्वतः खाऊ लागेपर्यंत थांबलो, मग तिलाही नेलं. पिल्लं किलोभराची झाल्यावर दोन चांगल्या घरी गेली, उरलेल्या दोघांची नसबंदी करून इथेच ठेवली.

सगळ्याला साडेतीन महिने लागले. मागच्या दिवाळीपासून वाड्यात पिल्लं नाहीत, रात्री रडणं नाही, काकूंनी यंदा कुरडया घातल्या. आता दादाच सात वाजता ताटली ठेवतात. गेल्या आठवड्यात ताटलीवर एक नवी करडी भाटी आली, दोन्ही कान साबूत. पिंजरा परत मागवलाय, रविवारी लावतोय.